बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी हार्ट रेट मॉनिटरवरून कळतात का?

कोरीपाटी: छातीचा पट्टा लावून तासभर नुसतं वाचत बसलं, तर घड्याळ एकदा ८५ कॅलरी दाखवतं आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळाला १७५. पुरुष, वय ३०, वजन ७० किलो, उंची १७५ सेंमी. पट्टा मनगटी सेन्सरपेक्षा अचूक समजला जातो, मग कॅलरीत एवढी तफावत का? तो दिवसभर लावून एकूण खर्च काढला तर चालेल का?

सूत्रधर: पट्ट्याचा दोष नाही. ठोके तो बरोबरच मोजतो. गडबड ठोक्यांवरून कॅलरी काढण्यात आहे.

२००५ सालचं केटेल आणि सहकाऱ्यांचं सूत्र बरंच वापरलं जातं. पुरुषांसाठी ते असं: (०.६३०९ × ठोके + ०.१९८८ × वजन + ०.२०१७ × वय − ५५.०९६९) ÷ ४.१८४ = मिनिटाला किलोकॅलरी (घड्याळावरची ‘कॅलरी’ म्हणजे हीच). तुमचे आकडे घाला. ६५ ठोक्यांना तासाला साधारण ८४ येतात, ७५ ला १७५. ठोके फक्त दहाने वाढले आणि कॅलरी दुप्पट! आता ५५ घालून बघा, उत्तर चक्क उणे येतं. जिवंत माणसाचा खर्च उणे असूच शकत नाही. हे सूत्र व्यायाम करतानाच्या मोजमापांवरून बसवलेलं आहे, विश्रांतीसाठी ते नाहीच.

तुमच्या घड्याळात नेमकं हेच सूत्र आहे असं मी म्हणत नाही, पण तुमचे दोन्ही आकडे त्याच्याशी चांगलेच जुळतात.

प्राणवायू: त्यामागचं कारण असं. खर्च ठरतो तो शरीर किती ऑक्सिजन वापरतं यावर. एक लिटरला साधारण ५ किलोकॅलरी. आणि ऑक्सिजनचा वापर म्हणजे ठोके × दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त × त्या रक्तातून काढून घेतलेला ऑक्सिजन. व्यायामाचा जोर वाढत जातो तसे ठोके आणि ऑक्सिजन बऱ्यापैकी एका सरळ रेषेत चढतात, म्हणून तिथे अंदाज जमतो. विश्रांतीत ती रेषा मोडते. आडवं पडलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरतं, दर ठोक्याचं रक्त घटतं आणि ते भरून काढायला ठोके दहा-पंधराने चढतात. ऑक्सिजनचा वापर मात्र त्या मानाने फारच थोडा वाढतो. चिंता, उकाडा, पाणी कमी पडणं, अपुरी झोप यांचंही तसंच. उलट बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्याचे ठोके दबलेले असतात, त्याला व्यायामातही आकडा कमीच दिसेल.

कोरीपाटी: मग दिवसाचा हिशेब कसा मांडायचा?

सूत्रधर: विश्रांतीसाठी ठोके बाजूला ठेवा, वजन, उंची आणि वयावरून दिवसाचा विश्रांतीतला खर्च सांगणारं मिफ्लिनचं सूत्र वापरा: १० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय + ५ (स्त्रियांसाठी शेवटी +५ ऐवजी −१६१). तुमचे दिवसाला सुमारे १,६५० येतात, म्हणजे तासाला ६९. हाही अंदाजच, पण ठोक्यांच्या आकड्यासारखा रोज उड्या मारत नाही.

पट्टा फक्त व्यायामापुरता लावा. इथे एक चूक फार होते: घड्याळ त्या तासाचे ३०० दाखवत असेल तर त्यात विश्रांतीचे ६९ बहुतेक वेळा आलेलेच असतात. १,६५० मध्ये पूर्ण ३०० मिळवले की ते दोनदा मोजले जातात, २३१च मिळवा. ॲपमध्ये ‘ॲक्टिव्ह’ (विश्रांतीचा खर्च वगळून) आणि ‘टोटल’ (तो धरून) असे दोन आकडे असतील, तर कोणता घेतोय ते आधी तपासा.

प्राणवायू: संशोधनात हाच मार्ग ‘फ्लेक्स हार्ट रेट’ नावाने वापरतात. आडवं, बसून, उभं राहून घेतलेल्या ठोक्यांतला सर्वांत मोठा आणि अगदी हलक्या चालण्यातला सर्वांत लहान, या दोन आकड्यांची सरासरी काढायची. समजा ८६ आणि ९४, तर उंबरठा ९०. त्याच्या खाली सगळीकडे विश्रांतीचा खर्च धरायचा, वर गेल्यावरच ठोक्यांवरून काढायचा. उंबरठा प्रत्येकाचा वेगळा, दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाही.

विश्रांतीचा खरा आकडाच हवा असेल तर श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी चाचणी करून घ्या. रात्रभर उपाशी, चहा-कॉफी नाही, आदल्या दिवशी जोरकस व्यायाम नाही. अर्धा तास शांत पडून राहिल्यावरच मापन सुरू करायला सांगा आणि पहिल्या ५ मिनिटांची नोंद हिशेबात धरू देऊ नका. मास्क गालाशी सैल असेल तर हवा गळते आणि आकडा खोटाच कमी येतो.