दोन पिकअपला जीपीएस बसवायचाय, गाडीमागे ३००० च्या आत काय घ्यावं?

टोमॅटो_वाहतूक:
नमस्कार मंडळी. नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो आणि भाजीपाला नेतो. एक बोलेरो पिकअप आहे, एक टाटा एस. दोन्हीवर ड्रायव्हर आहेत, मी माल भरणं आणि हिशेब बघतो. रात्री शेतकरी फोन करतो, "माझा माल कुठवर गेला?" वाशीवरून आडत्या विचारतो, "गाडी किती वाजता लागेल?" मग मी ड्रायव्हरला फोन लावतो, आणि तो घाटात असतो. हे मला बंद करायचंय. दुसरं म्हणजे कधी गाडी चाकण-तळेगाववरून एक्सप्रेसवेने जाते, कधी माळशेजने कल्याणकडून. त्यामुळे किलोमीटर आणि डिझेलचा मेळ बसत नाही.
बजेट गाडीमागे ३०००, त्यातच पहिल्या वर्षाचं सिम आणि ॲप बसलं पाहिजे. कोणी वापरलेलं असेल तर सांगा.

दहाचाकी_नगर:
३००० मध्ये खेळणं मिळेल. माझ्या सगळ्या ट्रकला डिझेल सेन्सरसकट बसवलंय. टाकीत रॉड टाकतात, टाकी रिकामी करून थोडं थोडं डिझेल भरत त्याचं माप जुळवतात, मग कुठे किती भरलं, कुठे किती काढलं ते मोबाईलवर दिसतं. पैसे जास्त गेले, पण ढाब्यावर डिझेल निघायचं बंद झालं. धंदा करायचा तर नीट करा, निदान १०-१२ हजारांची तयारी ठेवा.

चाकण_लॉजिस्टिक:
बाकी काही घेऊ नका, पण मोबाईलवरून इंजिन बंद करायचा रिले हवाच. आमची गाडी गोडाऊनबाहेरून रात्री उचलली. ॲपवर हलताना दिसली, लगेच ११२ ला फोन केला, एका सिग्नलला थांबल्यावर इंजिन बंद केलं. गाडी मालासकट परत मिळाली. रिले नसता तर आम्ही नकाशावर नुसती बघत बसलो असतो.

घाटरस्ता:
चाकणवाले, तुमची गाडी मिळाली हे चांगलं झालं. पण दादा, माल भरलेली गाडी माळशेज उतरत असताना घरातल्या कोणाचं बोट चुकून त्या बटणावर पडलं तर? इंजिन बंद पडलं की ब्रेकचा व्हॅक्यूम बूस्टर एक-दोनदा दाबेपर्यंत साथ देतो, पुढे पेडल दगडासारखं लागतं. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं. टोमॅटोच्या गाडीला हा धोका कशाला?

चाकण_लॉजिस्टिक:
चांगल्या यंत्रात वेग ताशी २० किमीच्या खाली आल्याशिवाय आदेश चालतच नाही. माहिती घेऊन लिहावं.

घाटरस्ता:
चांगल्या यंत्रात. ३००० वाल्यात ती सोय आहे की नाही हे घेणाऱ्याला कोण सांगणार? शिवाय रिले म्हणजे गाडीची मूळ वायर तोडून मध्ये जोड. तो जोड सैल झाला तर कोणी बटण न दाबताही गाडी बंद पडते. माझ्या शेजाऱ्याची गाडी तशीच कसाऱ्याला बंद पडली होती, पाऊस चालू, मागे ट्रकची रांग.

कॅब_पुणे:
भाऊ, आधी कायदा बघा. कमर्शियल गाडीला एआयएस-१४०, म्हणजे सरकारी मानकाचं जीपीएस यंत्र, लागतंच, पॅनिक बटणासकट. त्याच्याशिवाय पासिंग होत नाही. माझ्या कॅबला मला दुप्पट पैसे मोजून बसवावं लागलं. साधं घ्याल तर पैसे पाण्यात.

आरटीओ_कामं:
कॅबवाले, तुमच्या गाडीला लागतं, त्यांच्या गाडीला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५ एच हा नियम २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने आला. तो प्रवासी वाहतुकीच्या सार्वजनिक सेवा वाहनांसाठी आहे, म्हणजे टॅक्सी, बस वगैरे. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांना यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झालं. भाजीपाला नेणारी पिकअप त्यात येत नाही.
मालगाडीला ते कधी लागतं तेही सांगतो, कारण एजंट लोक सगळ्यांना घाबरवतात. एक, धोकादायक रसायनं किंवा गॅस नेणारी मोठी वाहनं. दोन, महाराष्ट्रात वाळू, मुरूम, खडी असं गौण खनिज नेणारी वाहनं. त्यांचं यंत्र महसूल विभागाच्या महाखनिज प्रणालीला जोडलेलं असावं लागतं. उद्या ऑफ सीझनला मुरूम टाकायचा विचार असेल तर आत्ताच एआयएस-१४० घ्या, नाहीतर गरज नाही.

कॅब_पुणे:
आमच्याकडे पासिंगला मागतात एवढं मला माहीत आहे. आणि ते बटण दाबल्यावर पुढे नक्की कोण बघतं हे एकदा सरकारने सांगावं. प्रवाशाने विचारलं तर आम्ही काय उत्तर देणार?

टोमॅटो_वाहतूक:
आरटीओ_कामं, खूप आभार. मुरूम-वाळू काही नाही, फक्त शेतमाल. दहाचाकीवाले, डिझेल चोरीचा संशय नाही, दोन्ही ड्रायव्हर जुने आहेत. रस्ता कोणता आणि किलोमीटर किती एवढं कळलं तरी हिशेब सुटतो. बजेट मात्र खरंच ३००० आहे.

सांगली_द्राक्ष:
बोलेरोचं मॉडेल कुठलं? मी नवी बोलेरो मॅक्स घेतली, तिच्यात आयमॅक्स ही गाडी मोबाईलवर बघायची सोय कंपनीकडूनच येते. टाटाच्या मोठ्या बीएस-६ ट्रकला तशीच फ्लीट एज येते. वेगळं काही बसवायला नको, वायर कापायला नको, वॉरंटीला धक्का नाही. आमची सगळी द्राक्षं आता त्याच्यावर बघतो. गाडी बदलायचा विचार करा.

टोमॅटो_वाहतूक:
दादा, गाडी २०१७ ची आहे. जीपीएससाठी गाडी कशी बदलू?

कोड_आणि_क्लच:
सॉफ्टवेअरला पैसेच देऊ नका. ट्रॅकार नावाचं, गाड्या नकाशावर बघायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट. छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, यंत्राला एसएमएस करून सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट सांगा, एपीएन (सिमच्या इंटरनेटची सेटिंग) टाका, झालं. बाजारातली बहुतेक स्वस्त यंत्रं त्याला जुळतात. सगळा डेटा आपल्या हातात. मी आमच्या दुधाच्या गाड्यांसाठी तसंच केलंय.

दहाचाकी_नगर:
आणि सर्व्हर रात्री २ वाजता बंद पडला तर? हा माणूस टोमॅटो भरणार की संगणक बघणार?

कोड_आणि_क्लच:
माझा बंद पडत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी पैसे द्यावेत, पण पर्याय माहीत तरी असावा.

स्टेअरिंगवरून:
मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, दुसऱ्याची. इथे सगळे मालक बोलतायत म्हणून लिहितो. ड्रायव्हरला न सांगता बसवू नका. आमच्या एका मालकाने सीटखाली लपवून बसवलं होतं, पोरांना कळलं तेव्हा दोघं त्याच आठवड्यात सोडून गेले. दुसऱ्या मालकाने समोर बसवून सांगितलं, "हे मी कुठे जातोस ते बघायला नाही, तुला फोन करायला लागू नये म्हणून." त्याच्याकडे मी अजून आहे.
आणि ही गोष्ट ड्रायव्हरच्या पण कामाची आहे. मार्केटला मला उशीर झाला म्हणून मालाचा भाव पडला असं एकदा माझ्यावर आलं. मालकाने नकाशा काढून दाखवला की गाडी वेळेवर गेटवर होती, आत घ्यायलाच दोन तास लावले. नाहीतर पैसे माझ्या पगारातून गेले असते.

टोमॅटो_वाहतूक:
दादा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. दोघांना सांगूनच बसवणार.

पार्सल_पनवेल:
रिले घ्याच. चोरी झाली तर रिलेच कामाला येतो.

वायरिंगवाला_मंचर:
माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. यंत्र कोणतंही घ्या, बिघाड बहुतेक वेळा बसवण्यात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
साध्या यंत्राला तीन वायरी कामाच्या. लाल बॅटरीच्या कायम चालू लाईनला, काळी अर्थला, आणि तिसरी इग्निशनची, ती किल्ली फिरवल्यावरच करंट येणाऱ्या लाईनला. ही तिसरी वायर बरेच जण वेळ वाचवायला लालसोबतच जोडून टाकतात. मग ॲपवर गाडी चोवीस तास चालू दिसते. उभ्या गाडीचा जीपीएसचा ठिपका थोडा इकडेतिकडे सरकत राहतो, आणि चालू गाडी समजून यंत्र तेही अंतर मोजतं. सकाळी न हललेल्या गाडीचे ४-५ किलोमीटर वाढलेले दिसतात. इग्निशनची वायर बरोबर असेल तर किल्ली बंद झाल्यावर यंत्र जागा धरून ठेवतं. टोमॅटोवाल्यांना किलोमीटरचाच हिशेब हवाय, तेव्हा ही वायर समोर उभं राहून तपासून घ्या. किल्ली फिरवा, ॲपवर इग्निशन चालू-बंद दिसतंय का बघा, मगच पैसे द्या.
लाल वायरला यंत्राजवळ नव्हे, करंट जिथून घेतला तिथेच जवळ छोटा फ्यूज हवा. वाटेत वायर घासून बॉडीला लागली तर तो फ्यूजच आग लागू देत नाही. अर्थ रंगावर नको, पत्रा खरवडून स्वच्छ बोल्टवर. जोड नुसता पिळून टेप मारू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा.
जागा डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, ॲंटेनाची बाजू आकाशाकडे. वर प्लास्टिक चालतं, पत्रा चालत नाही. एसीचा पाईप आणि काचेतून पाणी गळतं ती बाजू टाळा. तुमच्या दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या आहेत म्हणून अडचण नाही, ट्रकवाल्यांनी मात्र २४ व्होल्टला चालतं का ते विचारूनच घ्यावं.
ओबीडीच्या, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र मी मालवाहू गाडीला लावत नाही. पाय लागून निघतं.

घाटरस्ता:
मंचरवाले, हे आधीच लिहिलं असतंत तर आम्ही भांडलो नसतो. घाटात नेटवर्क जातं त्याचं काय?

वायरिंगवाला_मंचर:
जीपीएस उपग्रहावरून चालतो, त्याला मोबाईल टॉवर लागत नाही. टॉवर फक्त माहिती पाठवायला लागतो. माळशेजमध्ये नेटवर्क गेलं तरी बऱ्यापैकी यंत्र ठिकाणं साठवून ठेवतं आणि रेंज आली की एकदम पाठवतं. तेवढा वेळ ॲपवर गाडी एकाच जागी थांबलेली दिसेल, म्हणून घाबरून ड्रायव्हरला फोन करू नका. रस्ता नंतर पूर्ण उमटतो. घेताना मात्र ही साठवण आहे का ते विचारा, अगदी स्वस्त यंत्रात नसते.
सिमचं पण बघा. स्वस्त यंत्रं अजून टूजी आहेत. जिओला टूजी नाहीच, त्यामुळे त्यांचं सिम टाकलंत तर चालणार नाही. चार-पाचशे जास्त गेले तरी फोरजी घ्या.

भाजी_नाशिक:
फोरजीच घ्या, टूजी घेऊ नका. आणि पुढच्या वर्षाचा रेट आधी लिहून घ्या. आम्हाला पहिल्या वर्षी स्वस्तात दिलं, दुसऱ्या वर्षी रिन्यूअल म्हणून यंत्राच्या किमतीएवढे मागितले. सिम त्यांच्या नावावर, ॲप त्यांचं, लॉगिन पण त्यांनीच केलेलं. पैसे दिले नाहीत तर यंत्र डबा झालं. विक्रेत्याचं नाव इथे लिहीत नाही, पण सगळ्यांनी आयएमईआय नंबर (यंत्राचा ओळख क्रमांक), सिम नंबर आणि लॉगिन आपल्या नावाने मागावं.

चाकण_लॉजिस्टिक:
सगळं बरोबर, पण चोरी झाली तर रिले.

दहाचाकी_नगर:
आणि डिझेल चोरी झाली तर सेन्सर.

टोमॅटो_वाहतूक:
मंडळी, काल बसवून घेतलं, म्हणून कळवतो. बऱ्याच जणांना पटणार नाही.
पिकअपला फोरजी, वायरचं, रिलेशिवाय. नामांकित कंपनीचं नाही. आमच्या मार्केट यार्डाशेजारी बॅटरीचं दुकान आहे, त्याच्याकडचं घेतलं. कारण वाशीवरून परत आलेली गाडी सकाळी त्याच्या दारावरूनच जाते. बंद पडलं तर पुण्याहून माणूस येण्याची वाट बघायची नाही. यंत्र, बसवणं आणि वर्षाचं सिम-ॲप धरून २९०० झाले. पुढच्या वर्षाचा रेट बिलामागे लिहून सही घेतली. मंचरवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे किल्ली फिरवून बघितली. पहिल्यांदा इग्निशन कायम चालूच दाखवत होतं! परत उघडायला लावलं, वायर बदलली, मग बरोबर आलं. तुमचे मनापासून आभार.
टाटा एसला काहीच बसवलं नाही. ती बहुतेक वेळा ओतूर-जुन्नर भागातूनच माल गोळा करते. ड्रायव्हर म्हणाला, "वाशीला जाईन त्या रात्री मोबाईलवरून लाईव्ह लोकेशन पाठवतो." ते पुरतं. वाचलेल्या पैशातून दोघांना मोबाईल होल्डर आणि चार्जर घेऊन दिले.
पिकअपची लिंक आडत्याला पाठवली आहे. काल रात्री त्याचा फोन आला नाही.

चाकण_लॉजिस्टिक:
लोकेशन ड्रायव्हरच्या मोबाईलवर सोडलंत म्हणजे मोबाईल बंद केला की खेळ संपला. माझं मत बदललेलं नाही. तरी शुभेच्छा.

स्टेअरिंगवरून:
चार्जर घेऊन दिलात ते बरं केलंत मालक.

ऊस_बारामती:
हेच ट्रॅक्टरला चालेल का? कारखान्यावर रांगेत ट्रॅक्टर दोन-दोन दिवस उभा असतो, बॅटरी उतरेल का?

वायरिंगवाला_मंचर:
किल्ली बंद झाल्यावर झोपेत जाणारं यंत्र घ्या, दोन दिवसांत चांगली बॅटरी उतरत नाही. पण बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदला. आणि ट्रॅक्टरला धूळ-पाण्यापासून बंद असलेला डबाच हवा, पिकअपवालं साधं चालणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.