पद नाकारलं, रविवारची दुपार ठेवली. चुकलं का माझं?

हिशेबवाली
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये सोळा वर्षं झाली. हे काम केलेल्यांना आमचा महिना ठाऊक आहे. ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, आणि मार्च आला की घर विसरायचं. गेल्या मार्चमध्ये रात्री साडेनऊला निघाले. मुंबई नाक्यावर सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू, आणि मला कळेचना की वळायचं की सरळ जायचं. अकरा वर्षं रोजचा रस्ता! गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढून बसून राहिले. डिकीत सकाळी घेतलेली मेथीची जुडी होती, पार कोमेजून गेलेली. ती बघून रडू फुटलं. आता घरी जाऊन ही निवडायची आहे, एवढंच डोक्यात होतं.

जूनमध्ये विभागप्रमुखपद देऊ केलं. मी नाही म्हटलं. घरीही सांगून टाकलं, रविवारी दुपारी दोन ते पाच मला हाक मारायची नाही. दार लावून झोपते. झोप नाही लागली तर नुसती पडून राहते. मला यात अपराधी वाटत नाही. पण ऑफिसातली मैत्रीण म्हणते संधी घालवलीस, आणि सासूबाई तीन रविवार धड बोलल्या नाहीत. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. माझं मन राखायला नको.

जुनी सिडको
मग स्पष्टच लिहिते. झोप घेतलीत ते बरोबर, पद सोडलंत ते चूक. सातपूरच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं काढली. सुपरवायझर करताना साहेबांनी विचारलं होतं, "बाई, पोर आजारी पडलं तर?" मी त्यांना एकदाही सबब सांगितली नाही. माझ्यामागून तिथे चार बायका सुपरवायझर झाल्या. तुम्ही नको म्हणालात की "बायकांना झेपत नाही" म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत मिळतं. आणि खुर्चीवर बाई असेल तरच खालच्या मुली वेळेवर घरी जातील ना?

हिशेबवाली
मावशी, मी थेट नकार दिला नव्हता. दोन माणसं वाढवून द्या आणि रात्री आठनंतर थांबणार नाही, एवढं लेखी मागितलं. उत्तर आलं, "आधी पद घ्या, मग बघू." सोळा वर्षांत "मग बघू"चं काय होतं ते मी पाहिलंय.

पाथर्डी फाटा
पुरुष म्हणून लिहितोय, राग मानू नका. आमच्या फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो. बायकोनं उद्या असं पद नाकारलं तर तिची विश्रांती माझ्या ओव्हरटाइमवर उभी राहील. मीही सकाळी सातची बस धरतो, मीही दमतो. थकव्याचा विषय निघाला की तो फक्त बायकांचाच का होतो? घरातली दोन्ही माणसं सारखीच पिचत असतील तर एकीनं दार लावून घेणं मला न्यायाचं वाटत नाही.

रात्रपाळी
दादा, तुमचा थकवा खराच आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं. त्यात बाई-पुरुष दोघंही आले. पण "सारखीच" हा शब्द बसत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आधीच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं सुटली, ती पुरुषांनी उचललेली नाहीत, त्यांचीही नऊ कमीच झाली.

मी नर्स आहे, म्हणून हिशेबवालीताईंना वेगळंच सांगायचंय. झोपा, पण आधी रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, डोकं जड राहणं याला आपण "दगदग" म्हणून मोकळ्या होतो. हिमोग्लोबिन आठवर असेल तर तीन तासांच्या झोपेनं ते भरून येत नाही. थायरॉइडही बघा. रस्ता विसरणं तर डॉक्टरांना आवर्जून सांगायलाच हवं.

दिंडोरीकरीण
सगळं वाचलं. माझी चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांच्या टोळ्या येतात. फुटी काढायच्या, मग विरळणी, डिपिंग. मान वर करून घड हातात धरायचा, औषधाच्या मगात बुडवायचा, झटकायचा, पुढचा घड. दिवसभर. संध्याकाळी त्यांची बोटं वळत नाहीत. त्यांनी रविवार घेतला तर त्या दिवसाची मजुरी गेली. स्वतःची काळजी घ्या हे बोलणं महिन्याचा पगार बँकेत पडणाऱ्यांना परवडतं, मला ते ऐकवत नाही.

आणि ताई, एक विचारते. तुम्ही दोन ते पाच झोपता, तेव्हा चारचा चहा कोण करतं?

गंगापूर रोड
दिंडोरीताई, मजूर बाईला विसावा नाही म्हणून नोकरदार बाईनंही घेऊ नये, हे कुठलं गणित? असं म्हटलं तर कुणालाच कधी मिळायचा नाही. मालकीण तुम्ही आहात. दुपारचा अर्धा तास सावलीत, भर पगारी, एवढं तुम्ही उद्यापासून देऊ शकता.

दिंडोरीकरीण
देते. जेवणाव्यतिरिक्त वीस मिनिटं, मागच्या हंगामापासून. विरळणीच्या दिवसांत शेजारचे बागायतदार ओरडले, बायका तिकडे सवयी लावून घेतात म्हणून. अर्धा तास करायला हवा, हे मान्य. पण तो मी दिला म्हणून मिळाला. त्यांनी मागितला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी आली असती, हेही खरं आहे.

जुनी सिडको
लेखी मागितल्याचं तुम्ही आधी सांगितलं नव्हतं. ते ऐकून माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. मी असते तर पद घेऊन भांडले असते.

पण दिंडोरीच्या बाईंचा चहाचा प्रश्न वाचून रात्रभर एक गोष्ट डोक्यातून जाईना. "एकदाही सबब सांगितली नाही" असं मी वर अभिमानानं लिहिलंय. मुलीला गोवर निघाला तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला गेले होते. तिच्या उशाशी माझी आई बसली होती, दहा दिवस. आईला तेव्हा संधिवात होता. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पाथर्डी फाटा
२८९ आणि ८८ वाचून घरात विषय काढला. बायको म्हणाली, "हप्त्याचं मी बघते, तू फक्त डबे आणि पाणी भरणं घे." पाणी सकाळी साडेपाचला येतं. दोन दिवस झाले उठतोय. पद नाकारण्याबद्दल माझं मत आहे तेच आहे.

हिशेबवाली
रात्रपाळीताई, रक्त दिलं. हिमोग्लोबिन ९.१. गोळ्या सुरू केल्यात, रस्ता विसरल्याचंही डॉक्टरांच्या कानावर घातलंय.

दिंडोरीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मला ते माहीतच नव्हतं. दार लावलेलं असायचं. मुलाला विचारलं. म्हणाला, आजी करते. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. रविवारी दुपारी त्यांचीही एक झोप व्हायची, बारा-पंधरा वर्षांची सवय. मी दार लावायला लागल्यापासून ती मोडली होती. पाहुणे आले तर पोह्यांचं बघणं, गॅस सिलेंडर घेणं, सगळं त्यांच्याकडे गेलं. तीन रविवार त्या का बोलल्या नाहीत, ते मला आता कळलं.

काल रविवार होता. नवऱ्याला आणि मुलाला सकाळीच सांगितलं, दोन ते पाच घर तुमचं. दुपारी आमच्या दोघींच्या खोल्यांची दारं बंद होती. साडेचारला जाग आली तेव्हा बाहेर कपबशांचा आवाज येत होता, आणि साखर कुठल्या डब्यात आहे म्हणून मुलगा बापाला विचारत होता. मी उठले नाही. शेजारच्या खोलीतूनही कुणी उठून सांगायला गेलं नाही.