क्योतोच्या जुन्या गिओन भागात आई-बाबांना घेऊन राहायचंय, हॉटेल काय बघून ठरवावं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरच्या मध्यात आम्ही दोघं आणि आई-बाबा जपानला निघालोत. क्योतोत ५ रात्री आहेत. आईचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसलं की उठणं अवघड. बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. सगळे शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मोठ्या बॅगा चार. जुनी लाकडी घरं आणि दगडी गल्ल्या असलेल्या गिओन-हिगाशियामातच राहावं असं सगळ्यांचं मन आहे. साइटवर माचिया म्हणून जुनी घरं दिसायलीत, रियोकान म्हणजे जुन्या जपानी पद्धतीच्या सराया दिसायलेत आणि साधी हॉटेलंही. फोटो तर सगळ्यांचेच देखणे. जाणकारांनी सांगावं.

गोदातीर (नांदेड)

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं स्पष्ट मत: फिरायला गिओन, मुक्कामाला गिओनच्या पश्चिमेचा सपाट भाग. म्हणजे कामो नदीच्या अलीकडे कावारामाची किंवा शिजो-कारासुमा. नदी ओलांडली की पायी गिओन. ते नसेल तर केइहान रेल्वेच्या गिओन-शिजो किंवा सांजो स्टेशनला लागून.

कारण सांगतो. तिथल्या जुन्या गल्ल्यांचे सान्नेनझाका आणि गिओन शिंबाशी हे दोन्ही पट्टे १९७६ पासून जतनक्षेत्र आहेत. तिथं उंच इमारत बांधता येत नाही, म्हणून मुक्कामाच्या जागा लहान, दोन मजली, आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. वर हिगाशियामा म्हणजे डोंगराचा पायथा. यासाका मंदिरापर्यंत रस्ता सपाट आहे, तिथून कियोमिझू मंदिराकडे चढ आणि दगडी पायऱ्या. नकाशावर 'मंदिरापासून ३०० मीटर' दिसतं, ते ३०० मीटर चढाचे आहेत का हे दिसत नाही. बुक करण्याआधी स्टेशन ते दार हा रस्ता स्ट्रीट व्ह्यूवर पूर्ण चालून बघा. पायरी दिसली की ती जागा सोडा.

माचियाबद्दल. घर रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब असतं. दारातून आत गेलं की बूट काढून एकदम उंच पायरी चढावी लागते. आतला जिना शिडीसारखा उभा, पायऱ्या इतक्या अरुंद की पूर्ण पाऊल बसत नाही. झोपायच्या खोल्या बहुतेक वर, संडास खाली. बाबांना रात्री तीनदा तो जिना उतरायचा आहे, एवढा एकच विचार करा. गाद्याही जमिनीवर. भिंती पातळ, नोव्हेंबरात रात्री पारा ८-१० अंशांवर येतो, आणि एसी फक्त खोल्यांत, बोळात नाही.

आता हॉटेलची खोली. जाहिरातीत फोटो बघू नका, चौरस मीटर बघा. साध्या बिझनेस हॉटेलची खोली ११ ते १३ चौरस मीटर असते. आपल्याकडची दहा बाय बाराची खोली ११ चौरस मीटर भरते, आणि हॉटेलच्या आकड्यात बाथरूमही धरलेली असते. तिथं दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवायला जमीनच उरत नाही. तुम्ही १८ च्या खाली जाऊ नका, २० मिळाली तर उत्तम. 'सेमी-डबल' म्हणजे १२० सेंटिमीटर रुंद पलंग, चार फूटसुद्धा नाही. दोघांसाठी विकतात, पण तो एकाचाच आहे. 'डबल' बहुतेक वेळा १४० चा. आई-बाबांसाठी 'ट्विन'च घ्या, दोन वेगळे पलंग. रात्री एक उठला तरी दुसऱ्याची झोप मोडत नाही.

बाथरूमचा फोटो मात्र मोठा करून बघा. प्लॅस्टिकच्या साच्यातलं छोटं बाथरूम असतं, त्याच्या दारातच उंबरठा असतो, आणि शॉवर घ्यायचा तर टबचा काठ ओलांडून आत पाय टाकावा लागतो. गुडघेवाल्यांची तारांबळ तिथंच होते. टबशेजारी अंघोळीची वेगळी मोकळी जागा किंवा नुसता शॉवर असलेली खोली शोधा, भिंतीला धरायची दांडी आहे का तेही बघा. कमोडची काळजी नको, पाण्याने धुण्याची सोय जवळपास सगळीकडे असते.

देवगिरी_वाट (छ. संभाजीनगर)

गोदातीर दादांशी सहमत, फक्त रियोकान सरसकट बाद करू नका. पाचपैकी एक रात्र घ्यायची असेल तर 'वायोशित्सू' म्हणून शोधा: तातामीची म्हणजे जमिनीवरच्या जपानी चटयांची बैठक आणि शेजारी पलंग, अशी जोडखोली. टेबल-खुर्ची आहे का ते वेगळं विचारा. तातामीवर मांडी घालून जेवण, हे आईंना जमणार नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. रियोकानचा भाव बऱ्याचदा माणशी असतो, खोलीचा नव्हे. आणि लहान रियोकानचं दार रात्री ठरल्या वेळी बंद होतं, जेवणाचीही वेळ ठरलेली. उशिरा पोचणाऱ्या दिवशी तिथं मुक्काम ठेवू नका.

कर धरलाय का? क्योतोचा मुक्काम-कर १ मार्च २०२६ पासून वाढलाय. माणशी, दर रात्री: ६,००० येनच्या आत भाव असेल तर २०० येन, ६,००० ते २०,००० पर्यंत ४००, २०,००० ते ५०,००० पर्यंत १,०००, त्याच्या वर ४,०००, आणि १ लाखाच्या वर १०,०००. भाव माणशी धरायचा, जेवण सोडून. खोली २४,००० ची आणि माणसं दोन, तर माणशी १२,०००, म्हणजे ४०० वाला टप्पा. चौघं, ५ रात्री: ८,००० येन. बुकिंगच्या रकमेत हा बहुतेक नसतो, काउंटरवर द्यावा लागतो.

नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात म्हणजे तिथं मेपलची पानं लाल व्हायचे दिवस, तुडुंब गर्दी. फुकट रद्द करता येणारी खोली आत्ताच धरून ठेवा, मग निवांत तुलना करा. धूम्रपानाची खोली आणि विना-धूम्रपान खोली असे वेगळे दर असतात, स्वस्त दिसली म्हणून पहिली घेऊन बसाल.

पूर्णाकाठ (परभणी)

जेवणाचं सांगते. अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. दाशी म्हणजे सुक्या बोनिटो माशाच्या कात्रणाचं पाणी. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, भाज्यांवरचा रस, सगळ्यात तेच. त्यामुळे 'व्हेजिटेरियन' एवढंच कळवलं तर मासे न दिसणारं पण माशाच्या पाण्यात शिजलेलं ताट येतं, आणि देणाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही. कळवताना असं लिहा: मांस, मासे, अंडी नको, कात्सुओ-दाशी नको, कोंबू आणि शिइताकेची दाशी चालेल. कोंबू हे समुद्री शेवाळ, शिइताके हे अळंबी. रियोकानला हे बुक करतानाच कळवायचं, आयत्या वेळी स्वयंपाक बदलत नाही.

बाकी दिवस 'सुदोमारी' म्हणजे जेवणाविना दर घ्या. एक दुपार क्योतोच्या पश्चिम टोकाला अराशियामात तेन्र्यूजी मंदिराच्या शिगेत्सूत जेवा. ते बौद्ध भिक्खूंचं शोजिन जेवण, मुळातच मांस-माशाविना.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. दोन जागांवर येऊन थांबलोत. एक: शिजो-कारासुमाला १९ चौरस मीटरच्या दोन ट्विन. दोन: गिओनमध्ये ६५ चौरस मीटरची माचिया, एकूण भाव जवळपास तेवढाच. माचियात स्वयंपाकघर आहे, आई म्हणायली वरण-भात तरी होईल, छोटा कुकर आणि विजेची किटली घरूनच नेऊ. बॅगांचं काय करावं तेही सांगा.

पूर्णाकाठ (परभणी)

किटली नेऊ नका. तिथं वीज १०० व्होल्ट, आपली किटली २३० ची. जेमतेम पाचव्या हिश्श्याची ताकद मिळेल, पाणी कोमटच राहील. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. शेगडी बऱ्याच ठिकाणी इंडक्शनची असते, त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं चालतं. मोबाइलच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर चालतो, फक्त दोन चपट्या पट्ट्यांची पिन न्या. आणि कच्ची डाळ-तांदूळ बॅगेत टाकू नका, धान्य-कडधान्याला वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. तांदूळ तिथंच घ्या. एवढ्या खटाटोपासाठी तो जिना पत्करू नका.

गोदातीर (नांदेड)

पहिलीच घ्या. शिजो-कारासुमाहून हांक्यू रेल्वेने एक स्टेशन कावारामाची, तिथून पूल ओलांडला की गिओन. क्योतो स्टेशनहून भुयारी रेल्वेने शिजो (तेच शिजो-कारासुमाचं स्टेशन) दोनच स्टेशनं. स्टेशनला लिफ्ट आहे, पण प्रत्येक दाराशी नाही. लिफ्टचं दार कोणतं ते हॉटेलला विचारून ठेवा.

चार मोठ्या बॅगा आणि चार माणसं एका साध्या टॅक्सीत मावत नाहीत, आणि सिटी बसमध्ये तर न्यायचाच विचार नको. २०६ आणि १०० नंबरच्या बस कियोमिझूच्या वाटेवर खच्चून भरलेल्या असतात. कान्साई विमानतळावरच्या कुरिअर काउंटरवरून तीन बॅगा थेट हॉटेलवर पाठवा. त्या बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि एका रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत. हॉटेलला आधी कळवा की बॅगा कोणत्या नावाने येतील. खोली दुपारी ३ ला मिळते, पण बॅगा सकाळीही काउंटरवर ठेवून घेतात.

कियोमिझू सकाळी ६ ला उघडतं. तेव्हाच टॅक्सीने गोजोझाका या चढाच्या रस्त्याच्या वरच्या टोकापर्यंत जा. परत येताना आईंना सान्नेनझाकाच्या पायऱ्यांनी उतरवू नका, गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड. गोजोझाकाचा उतारच धरा, त्याला पायऱ्या नाहीत, आणि खाली मोठ्या रस्त्याला टॅक्सी मिळते.