अडीच वर्षांचा मुलगा रात्री किंचाळून उठतो, पण आम्हाला ओळखत नाही

जाईचा_वेल
नमस्कार. आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जूनमध्ये आम्ही कराडहून पुण्याला राहायला आलो. त्याच सुमारास तो सकाळच्या प्लेग्रुपला आणि त्यानंतर पाळणाघरात जाऊ लागला. गेल्या काही आठवड्यांपासून तो झोपल्यावर तासा-दीड तासाने अचानक किंचाळून उठून बसतो. त्याचे डोळे सताड उघडे असतात, मानेवरचे केस घामाने भिजलेले असतात आणि तो "नको, नको" म्हणत हातपाय झाडतो. मी जवळ घेऊ लागले की मलाच ढकलतो आणि आई समोर असूनही "आई कुठंय" असे ओरडतो. दहा मिनिटांनी काहीच न झाल्यासारखा पुन्हा झोपतो आणि सकाळी त्याला काहीही आठवत नाही. सासूबाईंच्या मते नव्या जागेत त्याला दृष्ट लागली आहे. शेजारच्या काकूंनी तोंडावर पाणी मारून जागे करायला सांगितले आहे. त्याचे वडील साडेनऊला घरी येतात, त्यामुळे तो साडेदहाच्या आत झोपत नाही. सकाळी सातला त्याला उठवावे लागते. हे कशामुळे होत असेल आणि त्या वेळी आम्ही नेमके काय करावे?

ओसरीवरून
आमच्या मुलीला तीन वर्षांची असताना हुबेहूब हाच त्रास होता, म्हणून लिहिते. कृपया पाणी मारू नका आणि गदागदा हलवूनही उठवू नका. त्या वेळी मूल जागे नसते. अर्धवट जाग आणलीत, तर ते अधिकच गोंधळते आणि तो प्रकार लांबतो. आम्ही खोलीतला मोठा दिवा न लावता पलंगाच्या कडेला बसून राहत असू. ती उतरून धावू लागली, तर दाराची कडी लागलेली आहे ना आणि वाटेत टीपॉय नाही ना, एवढेच पाहायचे. तिने स्वतःहून हात पुढे केला तरच जवळ घ्यायचे, एरवी हळू आवाजात एकच वाक्य म्हणत राहायचे. आईला हे सर्वांत जड जाते, कारण आपले मूल आपल्याला ढकलत असताना नुसते बसून राहणे अंगवळणी पडत नाही.

सासूबाईंना मीठ-मोहरी ओवाळायची असेल तर खुशाल ओवाळू द्यावी, त्याने काही बिघडत नाही. फक्त मूल झोपेत असताना धूर, अंगारा आणि मोठ्याने बोलणे नको. सकाळी त्याच्यासमोर "काल रात्री किती घाबरला होतास" हा विषय मुळीच काढू नका. त्याला जे आठवतच नाही, त्याची भीती आपण दिवसा का घालायची?

निवृत्त_बालवैद्य
वरील उत्तर योग्य आहे. मी त्यामागचे कारण आणि काही खबरदारी सांगतो.

रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात मुलांची झोप सर्वांत गाढ असते. त्या गाढ झोपेतून हलक्या झोपेकडे येताना मेंदूचा काही भाग जागा होतो आणि उरलेला झोपलेलाच राहतो. मग मूल ओरडते, घामाघूम होते, छाती धडधडते, पण त्याला जाग नसते. याला नाइट टेरर म्हणतात. स्वप्ने मुख्यतः उत्तररात्रीच्या झोपेत पडतात. वाईट स्वप्नाने उठलेले मूल पूर्ण जागे असते, आईला बिलगते, बोलता येत असेल तर काय दिसले ते सांगते आणि पुन्हा झोपायला घाबरते. त्याला लगेच जवळ घ्यावे लागते. तुमच्या मुलाला मात्र जबरदस्तीने जवळ घेऊ नये. म्हणून वेळ आणि ओळख या दोन गोष्टींवरूनच बहुतेक वेळा उलगडा होतो.

आता तुमच्या प्रश्नात शेवटी लिहिलेल्या त्याच्या झोपेच्या वेळा पाहा, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. साडेदहा ते सात म्हणजे साडेआठ तास. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसभरात 11 ते 14 तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी, असे मानले जाते. पाळणाघरात तो दुपारी किती झोपतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. गोंगाटात मुले बहुधा अर्धा तासही झोपत नाहीत. झोपेची अशी उधारी साचली की पुढच्या रात्री गाढ झोप अधिक खोल होते, आणि हा प्रकार नेमका तिच्यातूनच उद्भवतो. ताप, भरलेले मूत्राशय, नवी जागा हीसुद्धा निमित्ते ठरतात. जवळच्या नात्यात कोणाला लहानपणी झोपेत चालण्याची सवय होती का, हेही विचारून पाहा. ही प्रवृत्ती घराण्यात आढळते.

त्यामुळे पहिला उपाय म्हणजे दुपारची झोप परत आणणे आणि रात्रीची वेळ टप्प्याटप्प्याने नऊच्या आत आणणे. वडिलांची भेट सकाळी झाली तरी चालेल. हा प्रकार रोज ठरावीक वेळेलाच होत असेल, तर आठवडाभर वेळ लिहून ठेवा आणि मग त्या वेळेच्या 15 ते 30 मिनिटे आधी त्याला हलकेच थोपटून, तो कूस बदलेल किंवा काही पुटपुटेल इतपतच चाळवा. दोन ते चार आठवडे असे केल्यास अनेक मुलांत फरक पडतो. झोप यावी म्हणून सर्दीचे औषध, घुटी किंवा अन्य कोणतेही गुंगी आणणारे औषध मनाने देऊ नका.

पहाटतारा
आमच्याकडे दुसरा प्रकार आहे, म्हणून विचारतो. मुलगी तीन वर्षांची आहे, पहाटे चारच्या सुमारास पूर्ण जागी होते आणि भिंतीवर कुत्रा आहे म्हणून रडते. पलंगाखाली, कपाटात टॉर्च मारून "बघ, कुत्रा नाही" असे दाखवावे का?

ओसरीवरून
शोधाशोध करू नये, असे माझे मत आहे. आपण वाकून पलंगाखाली पाहिले, म्हणजे तिथे काही असू शकते हे बाबांनाही मान्य आहे, असा अर्थ मूल काढते. जवळ घ्या, "तुला भीती वाटली, मी इथे आहे" एवढे म्हणा आणि तिच्याच अंथरुणात ती झोपेपर्यंत बसा. मात्र त्या वेळी स्वतः तिच्या उशीवर डोके टेकवून भिंतीकडे जरूर पाहा. आमच्याकडे दारामागच्या खुंटीवरच्या रेनकोटाची सावली झिरोच्या दिव्यात अगदी माणसासारखी दिसत होती. रेनकोट हलवल्यावर अर्धे प्रकरण मिटले. दिवसा जेवण जावे म्हणून घरी किंवा पाळणाघरात कोणी बागुलबुवाची, भूभूची किंवा पोलिसांची भीती घालत नाही ना, हेही पाहा. झोपण्यापूर्वीचा तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा.

जाईचा_वेल
सर्वांचे आभार. पाळणाघरात विचारले, तर तो दुपारी जेमतेम वीस मिनिटे डोळा लावतो, असे कळले. माझा भाऊ लहानपणी झोपेत चालत असे, हे आईने सांगितले. आणखी एक गोष्ट मी लिहिली नव्हती: तो तोंड उघडे टाकून झोपतो आणि सर्दी नसतानाही घोरतो. याचा काही संबंध असेल का?

निवृत्त_बालवैद्य
असू शकतो, आणि हे विचारलेत ते बरे केलेत. सर्दी नसताना रोज घोरणाऱ्या मुलाच्या नाकामागची ॲडेनॉइडची गाठ किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. श्वास अडखळला की झोप वारंवार मोडते आणि अशा प्रकारांना निमित्त मिळते. तेव्हा झोपेची वेळ सुधारण्याचे काम आजपासूनच सुरू करा, पण त्याच्या परिणामाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना आणि त्यांनी सुचवल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्या. मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटून तो धाप लागल्यागत दचकतो का, याकडे लक्ष ठेवा.

एकाच रात्री असे अनेकदा होणे, दर वेळी तंतोतंत एकसारख्याच हालचाली होणे, अंगाला झटके येणे, तोंडातून लाळ गळणे किंवा नंतर बराच वेळ एक बाजू लुळी वाटणे, यांपैकी काहीही दिसल्यास फीटची शक्यता तपासावी लागते. मग थांबू नका. दवाखान्यात मूल हसत-खेळत असते आणि पालकांच्या वर्णनातून निम्मेच कळते, म्हणून मोबाइलवर दोन चित्रफिती घेऊन जा: एक किंचाळण्याच्या वेळची आणि दुसरी तो शांत झोपलेला असताना घोरण्याची, तीत छाती आणि पोट उघडे दिसेल अशी.