कुत्रीचा विमा काढावा की पैसे बाजूला टाकावेत? (फाईलमध्ये आधीच नोंदी आहेत)

नमस्कार मंडळी,

आमची ढमी. लॅब्राडॉर, वय साडेचार, वजन ३४ किलो. डॉक्टरांच्या मते त्यातले चार किलो जास्तीचे, घरच्यांच्या मते तिचं हाडच मोठं. तिचा विमा काढायचा की नाही यावर पंधरा दिवस खल चाललाय. आता नवऱ्याचं पुढचं वाक्य मला आधीच माहीत असतं आणि माझं त्याला, म्हणून इथे विचारतेय.

आधी थोडं मागचं. ढमीच्या आधी भुऱ्या होता, अकरा वर्षं. शेवटच्या वर्षी एका रात्री त्याचं पोट ढोलासारखं फुगलं. ओकायला बघायचा, पण फेसाशिवाय काही पडेना. जठराला पीळ पडला होता. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत हे होतं आणि झालं की तासांचा खेळ असतो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच. काउंटरवरच्या मुलीने खर्चाच्या अंदाजाचा कागद पुढे सरकवला. शेवटच्या आकड्याखाली पेनाने दोन रेघा होत्या. आम्ही दोघं तो कागद पाच मिनिटं वाचत उभे राहिलो. वाचण्यासारखं त्यात एवढं काही नव्हतंच. भुऱ्या माझ्या पायावर मान टाकून पडला होता आणि मी शून्यं मोजत होते.

ऑपरेशन केलं, भुऱ्या त्यातून उठला, पुढे सात महिने होता. पण ती पाच मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. विम्याचं खूळ तिथून आलंय, हे कबूल.

नवऱ्याचं म्हणणं: विमा कंपनी धर्मादाय नाही. सगळ्यांचे मिळून जेवढे हप्ते येतात त्यापेक्षा कमीच पैसे ती परत देणार, नाहीतर बुडेल. मग तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकू, वापरली नाही तर आपलीच. त्याने हिशोबही मांडला. प्रत्येकाच्या रकमा वेगळ्या असणार, म्हणून वर्षाचा हप्ता १ धरून सांगते. कुत्र्याचं वय वाढतं तसा हप्ता चढतो. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर आठ वर्षांत आम्ही ११.४ भरू. आमच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनचा जो अंदाज दिला तो या मापाने ६. त्यातले पहिले ०.५ आपण सोसायचे (डिडक्टिबल), उरलेल्याचे २० टक्केही आपणच (को-पे). म्हणजे कंपनी देणार ४.४. दोन्ही गुडघे वेगवेगळ्या वर्षी गेले तरी ८.८. इतकं सांगून त्याने वही मिटली आणि चहा ठेवायला गेला.

मला उत्तर सुचलं नाही, पण पटलंही नाही.

आता ढमीची फाईल. कानाचं इन्फेक्शन, दोनदा. दीड वर्षापूर्वी पळून आल्यावर दोन दिवस लंगडत होती, तेव्हा डॉक्टरांनी लिहिलंय: "डावा मागचा पाय, किंचित लंगडते, आराम." एक्स-रे काढला नव्हता, नंतर कधी लंगडली नाही. आणि गेल्या महिन्यात गिळलेला एक मोजा. लॅब्राडॉरमधल्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्यांना सतत भूक लागलेली असते, असं २०१६ च्या संशोधनात आढळलं. ढमी त्या चतुर्थांशात आहे याबद्दल आमच्याकडे कुणालाच शंका नाही. डॉक्टरांनी ओकारीचं इंजेक्शन दिलं आणि मोजा अख्खा बाहेर आला, टाचेच्या भोकासकट.

तर ज्यांनी विमा काढलाय किंवा विचार करून सोडून दिलाय, त्यांनी कृपया लिहा. साडेचार म्हणजे उशीर झाला का? आणि त्या लंगडण्याच्या एका ओळीचं काय होतं?

— ढमीची आई

* * *

गोमटेश: काढू नका. आम्ही सहा वर्षं इमानेइतबारे हप्ते भरले. कातडीच्या ॲलर्जीचा एकच क्लेम केला, तो नाकारला. कारण? कुत्रा पाच महिन्यांचा असताना फाईलमध्ये "अंग खाजवतो" असं लिहिलेलं होतं. तेव्हा पिसवा होत्या हो!

अधलंमधलं: ताई, मी काही वर्षं विम्याच्या क्लेम विभागात होतो. जनावरांच्या नव्हे, पण भाषा तीच असते. गोमटेश यांचं झालं ते वाईट, पण अनपेक्षित नाही. पॉलिसी सुरू होण्याआधी, किंवा सुरू झाल्यावरच्या वेटिंग पिरियडमध्ये (सुरुवातीचा काळ, ज्यात क्लेम मिळत नाही), जे लक्षण दिसलं ते "आधीपासूनचा आजार" धरतात. निदान झालेलं असायला लागत नाही, लक्षण पुरतं. अपघातासाठी हा काळ बहुधा काही दिवसांचा असतो, आजारासाठी दोन ते चार आठवडे, आणि गुडघे-खुब्यांसाठी काही पॉलिसींत सहा महिन्यांपर्यंत.

तुमच्या बाबतीत खरी मेख गुडघ्याची आहे. ज्यांचं एका गुडघ्याचं लिगामेंट जातं, त्यातल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांचं पुढे दुसरंही जातं. कंपन्यांना हे पाठ असतं. म्हणून अनेक पॉलिसींत असं कलम असतं की एका बाजूला आधी त्रास झालेला असेल तर दुसरी बाजूही वगळली. डाव्या पायाच्या त्या एका ओळीवरून तुमचे दोन्ही गुडघे बाद होऊ शकतात. मग साहेबांच्या हिशोबातले ८.८ तर शून्यच!

पण त्यांच्या हिशोबात दुसरीकडे भोक आहे. आठ वर्षांची बेरीज त्यांनी आठव्या वर्षाच्या शेवटी उभं राहून केली. पोटाला पीळ दुसऱ्याच वर्षी पडला तर खात्यात किती असतील? दोन, फार तर सव्वादोन. आणि कागदावर समजा गुडघ्याइतकेच सहा. बाजूला टाकलेले पैसे चांगलेच, फक्त ते साठेपर्यंत कुत्र्याने कळ काढायला हवी. तुमच्याकडे आज, या क्षणी, सहाची सोय असेल तर विमा काढू नका, खुशाल खातं उघडा. नसेल तर सरासरीचा हिशोब तुमच्या कामाचा नाही.

एक कटू गोष्ट मात्र सांगतो. बहुतेक ठिकाणी पैसे आधी तुम्हीच भरायचे असतात, क्लेम नंतर. म्हणजे तो कागद पुन्हा तुमच्याच हातात येणार. कंपनी थेट दवाखान्याला पैसे देते का, आणि तुमचा दवाखाना ते घेतो का, हे दोन्हीकडे विचारा.

हिरवळ: +१. कंपनी जास्तीत जास्त किती देणार, ती मर्यादा कशी लावलीय तेही बघा. वर्षाची मर्यादा दरवर्षी नव्याने सुरू होते. आजारागणिक मर्यादा असेल तर मधुमेहासारखं जन्माचं दुखणं पहिल्या दोन-तीन वर्षांतच ती संपवतं, पुढचं इन्सुलिन तुमच्या खिशातून. माझं इथेच चुकलं. स्वस्त म्हणून घेतली होती. लसीकरण, जंताचं औषध, दात साफ करणं असलं पॅकेज वरून चिकटवत असतील तर नको म्हणा. ठरलेला खर्च आहे, त्याचा विमा कसला?

पाणकोंबडी: मी व्हेट आहे, म्हणून जरा दुसऱ्या बाजूने. आम्ही फाईलमध्ये लिहितो ते पुढच्या वेळी आपल्याला आठवावं म्हणून, कुणीतरी क्लेम नाकारावा म्हणून नाही. तुमच्या डॉक्टरांकडून पूर्ण फाईलची प्रत घ्या. जुनी नोंद खोडायला सांगू नका, ते कुणी करणारही नाही. पण आज गुडघे तपासून घ्या, हवं तर एक्स-रे काढा, आणि "दोन्ही गुडघे स्थिर, लंगडणं नाही" अशी नवी नोंद तारखेसह करून घ्या. हप्ता भरण्याआधी फाईल कंपनीला पाठवून काय काय वगळणार ते लेखी मागा. फोनवरच्या गोड बोलण्याला क्लेमच्या दिवशी काही किंमत नसते.

आणि चार किलो उतरवा. २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४८ लॅब्राडॉर, पिल्लू वयापासून जोड्या लावलेले, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. मोठं हाड वगैरे काही नसतं. (हे आम्ही रोज ऐकतो.)

रिकामटेकडा: कुत्र्यांचा विमा म्हणजे आजकालचं फॅड असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, स्वीडनमध्ये तो १९२४ पासून आहे. तिथल्या बहुसंख्य कुत्र्यांचा असतो. कोणत्या जातीला कोणता आजार जास्त, याची कितीतरी संशोधनं त्या क्लेमच्या नोंदींवरूनच झालीत. चला, चालू द्या.

गोमटेश: @पाणकोंबडी, तुमच्यासारखे डॉक्टर आम्हाला तेव्हा भेटले असते तर "पिसवा" एवढा एक शब्द तरी फाईलमध्ये आला असता.

ढमीची आई: सगळ्यांचे आभार, विशेषतः अधलंमधलं आणि पाणकोंबडी. काल गुडघे तपासून घेतले, दोन्ही ठीक. नवी नोंद झाली. ती फाईल कंपनीला पाठवली आणि आज उत्तर आलं: दोन्ही कान कायमचे बाद. गुडघे वर्षभर बाद, मधल्या काळात लंगडली नाही तर पुन्हा विचार करू. पोट, विषबाधा, अपघात, कॅन्सर हे सगळं आत आहे. थेट दवाखान्याला पैसे देतात, पण आधी मंजुरी घ्यावी लागते. रात्री मंजुरी कोण देतं ते विचारलंय, उत्तर यायचंय.

नवऱ्याने वही पुन्हा उघडली. त्याचं म्हणणं, डिडक्टिबल मोठं घेऊ म्हणजे हप्ता उतरेल, आणि वाचेल तो फरक त्याच्या लाडक्या खात्यात टाकू. छोटं आपण भागवू, मोठं त्यांनी बघावं. मला हे चालण्यासारखं वाटतंय.

आता एकच शंका. त्यांच्या कागदात एक कलम आहे: बाहेरची वस्तू गिळण्याचा प्रकार "वारंवार" होत असेल तर क्लेम मिळणार नाही. वारंवार म्हणजे किती वेळा, याचा कुणाला अनुभव आहे का? एक मोजा फाईलमध्ये आहेच. दुसरा परवापासून सापडत नाहीये.