तीन काडतुसांचा नियम शिकारीपुरता आहे

या चर्चेत वर कुणी म्हटलंय की अमेरिकेत शॉटगनमध्ये (छर्ऱ्यांची काडतुसं उडवणाऱ्या बंदुकीत) तीनपेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. हे बदकं, हंस, होले अशा स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीपुरतं खरं आहे. हा केंद्रीय नियम १९३५ पासूनचा. त्यासाठी मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळीत प्लग (जागा अडवणारा तुकडा) बसवतात, आणि तो बंदूक खोलल्याशिवाय निघता कामा नये. पण घरात किती क्षमतेची बंदूक ठेवायची हा प्रश्न वेगळा. ते प्रत्येक राज्य आपलं ठरवतं, आणि बहुतेक राज्यांत तशी मर्यादाच नाही.

कोलोरॅडो राज्याचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहितो. तिथल्या २०१३ च्या कायद्यात इतर मॅगझिनला १५ गोळ्यांची मर्यादा आहे, पण शॉटगनला पक्क्या बसवलेल्या नळीसाठी मोजायची ती लांबी: एक्स्टेन्शन (नळीला जोडलेला वाढीव तुकडा) धरून २८ इंच भरतील इतकीच काडतुसं. मला हे शहाणपणाचं वाटतं, कारण काडतुसं पावणेतीन, तीन, साडेतीन इंची अशी येतात. त्या नावाच्या मापाने पावणेतीनची १० बसतात, साडेतीनची ८. शॉटगनच्या सुट्या, म्हणजे काढता येणाऱ्या, मॅगझिनला मात्र पक्कं मॅगझिन धरून थेट ८ काडतुसांचा आकडा आहे. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये ५ पेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन मोठ्या क्षमतेचं ठरतं, आणि न्यू जर्सीत सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) शॉटगनला ६ ची मर्यादा आहे. त्यामुळे एका राज्यात कायदेशीर असलेली बंदूक गाडीत टाकून दुसऱ्या राज्यात नेण्याआधी तिथला कायदा मुळातून वाचाच. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.