माळावर घालायची पँट: कापड कुठलं?

जुळे सोलापूर, सोसायटीचा ग्रुप. शनिवार रात्रीची चर्चा.

वहिनी (बी-१०४): नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही काहीजण नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जातोय. काळवीट तर दिसतीलच, नशीब असेल तर लांडगाही. माझ्याकडची ट्रेकची पँट चालताना मांड्यांमध्ये सतत सर्र सर्र वाजते. मागच्या खेपेला फोटो घ्यायला नुसतं गुडघ्यावर बसले तरी कळप मान वर करून बघायला लागला. त्यात बाभळीच्या काट्यानं गुडघ्याजवळ बोटभर चीर गेली. आवाज न करणारी आणि टिकणारी पँट कुणी सुचवेल का?

दादा (ए-३०२): वहिनी, नायलॉनच घ्या, पण जरा जाड. मी सह्याद्रीत तेच वापरतो. कळसूबाईला पावसात नखशिखांत भिजलो, खाली बारीला उतरेपर्यंत अंगावरच वाळली होती. कॉटन भिजलं की पायाला चिकटतं, जड होतं आणि दिवसभर वाळत नाही.

सेक्रेटरी: मध्येच सांगतो, पाणी उद्या पहाटे येतंय. टाक्या भरून घ्या. विषय चालू द्या.

मावशी (बी-४०३): मला पण सांगा ओ. पाखरं बघायला मी पण येणार आहे. बायकांच्या पँटला खिसेच नसतात, दुर्बीण-वही ठेवायची कुठं? आणि खाली बसलं की मांडीत आवळते.

अण्णा (सी-२०१): वहिनी, तुमच्या पँटचा आवाज का येतो ते आधी सांगतो. कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये माझा जन्म गेला, म्हणून बोलतो.

स्वस्त ट्रेक पँटचं कापड अखंड, गुळगुळीत तंतूंच्या धाग्यांचं असतं. पाणी झटकावं म्हणून त्यावर वरून लेप असतो. असं कापड घडीवर कडक मोडतं आणि मोडताना वाजतं. कापसाचा किंवा कातलेल्या मिश्र धाग्याचा पृष्ठभाग बारीक केसाळ असतो. दोन पाय एकमेकांना घासले तरी त्या केसांत आवाज मुरतो. नायलॉन वाईट नाही, पण गुळगुळीत आणि लेप दिलेलं नायलॉन माळावर नको.

दुकानात तपासायची रीत सोपी आहे. कापड दोन बोटांत धरून कानाजवळ न्या आणि नखानं ओरखडा. चर्र असा तीक्ष्ण आवाज आला तर ठेवून द्या. मग कापडाचे दोन पदर एकमेकांवर जोरात घासा. आलाच तर मऊ, खाली दबलेला आवाज यायला हवा. काउंटरवर आजूबाजूला गलका असला तर पाच मिनिटं बाहेर जाऊन करा, लाजायचं काय त्यात. आणि ही पारख आधी करायची, भाव नंतर विचारायचा.

दादा (ए-३०२): अण्णा, आवाज एवढा महत्त्वाचा आहे का पण? पन्नास-साठ मीटरवरून त्यांना काय ऐकू येणार?

अण्णा (सी-२०१): काळवीट माळावर उभं असतं. तिथं झाड नाही, आडोसा नाही. त्याचं सगळं जगणं नजरेवर, कानावर आणि पळण्यावर. वारा तुमच्याकडून त्याच्याकडं असेल तर विचारूच नका.

काका (ए-१०१): यात मी थोडी भर घालतो. माझा मुलगा मिनेसोटात असतो, त्याच्या ऑफिसातले लोक नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. तिकडं त्याचा परवाना मिळतो, ठरलेला हंगाम असतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, ते बरंच आहे. पण कपड्याच्या बाबतीत त्या लोकांचा अनुभव मोठा. तो सांगत होता, माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला त्याहून बरंच वरचं ऐकू येतं. कापडाच्या कुरकुरीतला जो उंच, बारीक भाग आपल्या कानाला लागत नाही, तो त्याला लागतो. म्हणून ते लोक लोकर, फ्लीस (जाड, लवदार कापड) किंवा वरून मऊ घासलेलं पॉलिस्टर घालतात. थंडीही तशीच असते तिकडं.

वहिनी (बी-१०४): मग फ्लीसची घेऊ का काका? ऑनलाइन खूप दिसतात.

अण्णा (सी-२०१): नको नको! नान्नजच्या गवतात फ्लीस म्हणजे कुसळांना आवतण. पावसाळा संपला की ती वाळून टोकदार होतात. एक कुसळ तळहातावर घेऊन बघा. टोकाला सुईसारखं बी, त्यावर मागं वळलेले केस, आणि मागं लांब, पिळ घातलेलं शेपूट. ओल लागली की तो पिळ सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो, आणि प्रत्येक वेळी टोक थोडं पुढं सरकतं. मागं यायला ते केस देत नाहीत. आपल्या घामानं कापड दमट झालं की हेच सुरू होतं, सरळ मोज्यातून कातडीपर्यंत. फ्लीसमध्ये ती रुतली तर संध्याकाळभर उपटत बसाल.

म्हणून आपल्या माळाला हवं घट्ट विणीचं, पण वरून मऊ कापड. मी सांगेन ते असं: टेरिकॉट ट्विल, पॉलिस्टर ६५ आणि कापूस ३५, वजन २०० ते २४० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम), वरून पीच फिनिश. ट्विल म्हणजे ज्यावर तिरप्या रेघा दिसतात ते. पीच फिनिश म्हणजे कापडाचा पृष्ठभाग अगदी हलका घासून मऊ केलेला, हात फिरवला की कळतं. पॉलिस्टर झिजू देत नाही, कापूस आवाज आणि घाम सांभाळतो. कुसळ अडकलंच तर झटकून पडतं. जीन्स साधारण ४०० जीएसएमची असते, सोलापूरच्या उन्हात ती घालून चालायला लागलात तर दहा वाजताच घरी याल.

दादा (ए-३०२): रिपस्टॉप? त्यात चौकोन चौकोन असतात ते.

अण्णा (सी-२०१): चांगलं कापड आहे. ठरावीक अंतरावर जाड धागे घातलेले असतात, त्यामुळं फाटलं तर चीर पुढच्या जाड धाग्यापाशी थांबते. पण काटा घुसायचा तो घुसतोच, चीर लहान राहते एवढंच. अमेरिकन लष्करात नायलॉन-कॉटन निम्मं-निम्मं रिपस्टॉप वापरतात, ते दोन्ही बाजूंनी उत्तम. आपल्याकडं मिळालं तर घ्यावं, पण कानाची पारख करूनच. आणि दादा, पावसातल्या सह्याद्रीसाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे, तिथं माझं टेरिकॉट मागं पडेल. वहिनींचा प्रश्न कोरड्या माळाचा आहे.

मावशी (बी-४०३): स्ट्रेच कापड घेतलं तर बसता येईल ना मग?

अण्णा (सी-२०१): मावशी, दोन-तीन टक्के स्पँडेक्स (ताणणारा धागा) चालतं, पण काट्यानं त्याचा धागा ओढला गेला की तिथं कापड ढिलं पडून फुगतं. बसायचा त्रास कापडानं सोडवू नका, शिलाईनं सोडवा. मांड्यांच्या मध्ये, जिथं चार शिवणी एकत्र येतात, तिथं शंकरपाळीच्या आकाराचा तुकडा घालायला सांगा. मग कितीही खाली बसा, ओढत नाही. शिवाय चारही शिवणींचा ताण एका बिंदूवर न येता पसरतो. पँट बहुतेक वेळा तिथंच फाटते.

माझा सगळा आग्रह हाच आहे, तयार पँट घ्यायची गरजच काय? हे सोलापूर आहे. गावोगावच्या शाळांचे गणवेश इथं शिवले जातात. असं कापड आणि असे कारागीर आपल्या दारात असताना तीन-चार हजारांची वाजणारी पँट कशाला मागवायची? चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत कापड घ्या आणि युनिफॉर्म शिवणाऱ्याकडून पँट शिवून घ्या. त्याला मशीनवर दुहेरी शिवण मारता येते, खिशाच्या टोकांना बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची पक्की गाठ, मारता येतो. धागा पॉलिस्टरचाच वापरायला सांगा. कापड कापायच्या आधी एकदा पाण्यातून काढून वाळवून घ्या, नाहीतर दुसऱ्या धुण्यात आखूड होईल.

वहिनी (बी-१०४): हे खरंच सुचलं नव्हतं. गुडघ्याला काही वेगळं?

अण्णा (सी-२०१): पुढच्या बाजूनं त्याच कापडाचा दुसरा थर, वरून. खालून उघडा ठेवा, आत कचरा गेला तर झटकता येतो. खिशाला व्हेल्क्रो अजिबात नको. सगळं कापड गप्प आणि खिसा उघडताना खर्रर्र, काय उपयोग? बटणं लावा. मावशी, तुमची वही बसेल एवढा खिसा मांडीच्या बाजूला, गुडघ्याच्या बराच वर. खाली लावला तर चालताना आपटतो.

काका (ए-१०१): रंगाचं सांगा अण्णा. मुलगा म्हणतो तिकडं शिकाऱ्यांना कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायची सक्ती आहे, एकमेकांना गोळी लागू नये म्हणून. तरी हरणाला नारिंगी उठून दिसत नाही म्हणे.

अण्णा (सी-२०१): बरोबर. हरणासारख्या प्राण्यांच्या डोळ्यांत रंगाच्या दोनच जातींच्या पेशी असतात, तांबडं-नारिंगी त्यांना मळकट दिसतं. निळं मात्र चांगलं दिसतं. म्हणून निळी जीन्स सोडून काहीही, खाकी किंवा वाळल्या गवताचा रंग उत्तम. आणि शुभ्रपणा वाढवणाऱ्या पावडरीनं धुऊ नका. त्यात चकाकी आणणारं द्रव्य असतं, ते उन्हात निळसर झळकतं. साधा साबण बरा.

मावशी (बी-४०३): पाखरांना तर सगळेच रंग दिसतात.

अण्णा (सी-२०१): हो, आपल्यापेक्षा जास्त. तिथं रंगापेक्षा हळू चालणं कामाला येतं. पखुर्ड्या आपण अगदी जवळ पोचेपर्यंत बसून राहतात, घाईनं गेलं की उडाल्याच.

दादा (ए-३०२): लष्करी छापाची पँट मात्र घेऊ नका कुणी. जानेवारी २०२२ मध्ये सैन्याचा नवा गणवेश आला, त्याच्या नक्षीचे हक्क सैन्याकडं आहेत. बाजारात नक्कल मिळाली तरी नको. नाक्यावर अडवलं तर सकाळ तिथंच जाईल.

वहिनी (बी-१०४): सापाचं काय करायचं? घोणस, फुरसं दोन्ही आहेत आपल्याकडं.

दादा (ए-३०२): त्यासाठी पँटवर विसंबू नका वहिनी. घोट्याच्या वर येणारे बूट, पँट सैल, आणि पाऊल टाकायच्या आधी जमीन बघायची. गवतात हात घालायचा नाही. गाईडच्या मागं, पायवाट न सोडता.

मावशी (बी-४०३): माळढोक दिसेल का ओ तरी?

वहिनी (बी-१०४): मावशी, १९७९ साली अभयारण्य झालं ते त्याच्याचसाठी, पण आता तो दिसणं फार दुर्मिळ. हिवाळ्यात भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी मात्र येतात, संध्याकाळी गवताच्या अगदी जवळून तरंगत जातात. तेवढ्यासाठी तरी चला.

मावशी (बी-४०३): येते येते. किती मीटर कापड लागेल अण्णा?

अण्णा (सी-२०१): ५८ इंच पन्ह्याचं असेल तर साध्या पँटला सव्वा मीटर. गुडघ्याचा थर, शंकरपाळी आणि मोठा खिसा धरून दीड मीटर घ्या. वहिनी, उद्या पाणी भरून झालं की मी घरातले तीन-चार नमुने घेऊन पार्किंगमध्ये येतो. नखानं ओरखडून तुम्हीच ठरवा. मग मंगळवारी सगळे मिळून चाटी गल्लीत जाऊ, एकदम घेतलं तर भाव पण कमी होईल.

वहिनी (बी-१०४): नऊ वाजता चालेल? मी मिस्टरांची पँट पण मापाला आणते.

अण्णा (सी-२०१): आणा. पण निळी नको.